गेमिंग लॅपटॉपच्या बायॉसमधली लपवलेली सेटिंग्ज कशी उघडायची: एका बाइटपर्यंतची सुरक्षित वाट

थ्रॉटलस्टॉप हा प्रोसेसरचा वेग आणि व्होल्टेज बदलणारा प्रोग्रॅम उघडून त्यातल्या एफआयव्हीआर या व्होल्टेजच्या खिडकीत गेलात, आणि जिथे व्होल्टेजची पट्टी सरकायला हवी तिथे फक्त 'लॉक्ड' असं लिहिलेलं दिसलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लॅपटॉप तापतो, पंखे ओरडतात, खेळ रंगात आला की प्रोसेसर आपला वेग कमी करतो. व्होल्टेज थोडं उतरवलं तर हे बरंच आटोक्यात येतं हे ठाऊक असतं, पण सेटिंग कुलूपबंद. बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या मेनूत, जाऊन बघावं तर तिथे तारीख, बूटचा क्रम आणि पासवर्ड यापलीकडे काही नाही.

खरं तर त्या बायॉसमध्ये शेकडो सेटिंग्ज असतात. त्या काढून टाकलेल्या नसतात, नुसत्या पडद्यावर येऊ दिलेल्या नसतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला फर्मवेअर, म्हणजे हेच मूळ सॉफ्टवेअर, बदलायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. नेमका कोणता बाइट बदलायचा हे शोधून तेवढाच बदलता येतो. हाच रस्ता मी इथे सांगणार आहे, कारण सुधारलेलं बायॉस फ्लॅश करण्याच्या नादात चांगले लॅपटॉप निकामी झालेले मी पाहिले आहेत.

हे कुलूप आलं कुठून?

डिसेंबर २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' नावाची त्रुटी जाहीर झाली. बर्मिंगहॅम विद्यापीठ, ग्राझचं तंत्रविद्यापीठ आणि केयू ल्यूव्हेन इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की इंटेल प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून अगदी नेमक्या क्षणी खाली ओढलं तर एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवता येतात आणि त्या चुकांवरून आतली गुपितं काढता येतात. त्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज बदलण्याची वाट बंद करायची सोय इंटेलने दिली आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांनी बायॉस अपडेटमधून ती लागू केली. म्हणूनच अनेकांचा अनुभव एकसारखा आहे: काल अंडरव्होल्ट (व्होल्टेज उतरवणं) चालत होतं, अपडेट केलं आणि आज बंद.

हे बंद करणं घडतं कसं ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लॅपटॉप सुरू होताना फर्मवेअर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमधला लॉक बिट लावतं. अशा रजिस्टरला एमएसआर म्हणतात. ओव्हरक्लॉकिंग लॉकच्या, म्हणजे व्होल्टेज-वेग बदलण्यावरच्या कुलपाच्या, बाबतीत हा हेक्समधल्या (सोळाच्या पायावरच्या मोजणीतल्या) १९४ क्रमांकाच्या एमएसआरमधला २० क्रमांकाचा बिट. तो एकदा लागला की प्रोसेसर रीसेट होईपर्यंत कुणालाच काढता येत नाही, विंडोजमधल्या कोणत्याही प्रोग्रॅमला नाही. पण हा बिट लावायचा की नाही हे फर्मवेअर दर वेळी स्वतःच्या साठवलेल्या सेटिंग्ज वाचून ठरवतं. त्या सेटिंग्ज मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये, एनव्हीरॅम म्हणतात त्या भागात, नावं दिलेल्या कप्प्यांत असतात. कप्प्यांची नावं साधारण 'सेटअप', 'सीपीयू-सेटअप', 'एसए-सेटअप', 'पीसीएच-सेटअप' अशी. प्रत्येक कप्पा म्हणजे बाइट्सची एक लांब ओळ, आणि प्रत्येक सेटिंगची त्या ओळीतली जागा ठरलेली. त्या जागेला ऑफसेट म्हणायचं.

मेनूत दिसणारं पान आयएफआर नावाच्या एका छोट्या भाषेत लिहिलेलं असतं. त्यात 'सप्रेस-इफ' म्हणजे अमुक अट असेल तर हे दाखवू नकोस, आणि 'ग्रे-आउट-इफ' म्हणजे दाखव पण हात लावू देऊ नकोस. कंपनीने 'सप्रेस-इफ'पुढे कायम खरी ठरणारी अट ठेवली की सबंध 'अ‍ॅडव्हान्स्ड' पान नाहीसं होतं. सेटिंगचा बाइट मात्र आपल्या जागी असतो आणि फर्मवेअर तो वाचतही असतं.

मग सरळ मेनूच का उघडू नये? जुन्या मशिनवर तसं करत असत. पण हॅस्वेल पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, इंटेलकडे बूट गार्ड आहे. त्यात लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सार्वजनिक किल्लीचा हॅश (आकड्यांतला ठसा) चिपसेटमधल्या फ्यूजमध्ये कायमचा जाळून ठेवता येतो आणि फर्मवेअरचा सुरुवातीचा भाग त्या किल्लीशी ताडून पाहिला जातो. एएमडीकडे असंच काम प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट करतं. राखलेल्या भागात एक अक्षर जरी बदललं तरी मशीन सुरू व्हायला नकार देऊ शकतं. साठवलेल्या सेटिंग्ज या सहीच्या बाहेर असतात, कारण त्या बदलणारच हे गृहीत धरलेलं असतं. आपली वाट तिथून जाते.

आधी समोरचं दार ठोठावून पाहा

काही कंपन्यांनी चोरवाट ठेवलेली असते. एमएसआयच्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपवर बायॉसमध्ये गेल्यावर उजवी शिफ्ट, उजवी कंट्रोल आणि डावी ऑल्ट दाबून ठेवायची आणि एफ२ दाबायचं. सबंध 'अ‍ॅडव्हान्स्ड' मेनू उघडतो. एसरच्या अनेक मॉडेल्सवर 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस दाबलं की व्हीएमडी कंट्रोलर (डिस्कची जोडणी सांभाळणारा) यासारखे दडलेले पर्याय दिसतात. तुमच्या मॉडेलवर असं काही चालत असेल तर पुढची निम्मी मेहनत वाचली. मात्र मेनू उघडला म्हणून जोखीम संपत नाही. शेवटाकडे 'यांना हात लावू नका' असा भाग आहे, तो आधी वाचा.

इंटेलच्या एचएक्स मालिकेचे प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर अनेकदा बायॉसमध्ये उघड पर्याय असतो. 'अंडरव्होल्ट प्रोटेक्शन' हा शब्द दिसला तर तो बंद करून पाहा. तेवढ्याने काम झालं तर इथेच थांबा.

तयारी: ही टाळायची नाही

सगळ्यात आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्ह-एन्क्रिप्शन. पुढे पेनड्राइव्हवरून टूल चालवायला सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं, आणि ते बंद केलं की टीपीएम या सुरक्षा चिपला मशीन बदलल्यासारखं वाटतं आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या लॅपटॉपवर ड्राइव्हचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू असणं आता नेहमीचं आहे, त्यामुळे 'मी तर बिटलॉकर लावलंच नाही' यावर विसंबू नका. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवा किंवा फोनमध्ये ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. मग प्रोटेक्शन सस्पेंड करा. सस्पेंड केलेलं संरक्षण सहसा एका रीस्टार्टनंतर पुन्हा चालू होतं आणि आपण बरेच रीस्टार्ट करणार आहोत. म्हणून की जवळ हवीच.

दुसरं, महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. तिसरं, बॅटरी निम्म्याच्या वर आणि चार्जर लावलेला.

चौथी गोष्ट बायॉसची नेमकी आवृत्ती. विंडोजमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बायॉस व्हर्जन/डेट' ही ओळ जशीच्या तशी लिहून घ्या. ऑफसेट आवृत्तीगणिक बदलतात. त्याच मॉडेलच्या, पण वेगळ्या आवृत्तीच्या मशिनवरून कुणी काढलेला आकडा तुमच्याकडे भलत्याच सेटिंगवर जाऊन बसू शकतो.

हे मी शिकलो ते मोठी किंमत मोजून. एका संध्याकाळी कुणीतरी दिलेले तीन ऑफसेट मी एकदम बदलले, त्यातला एक जुन्या आवृत्तीचा होता. रीस्टार्ट केल्यावर कीबोर्डचे दिवे लागले, पंखा दोन सेकंद फिरला आणि पडदा काळाच राहिला. बॅटरीची वायर काढून अर्धा तास ठेवली, घड्याळाची छोटी बॅटरी काढली, काहीच झालं नाही. शेवटी चिपला क्लिप लावून जुना बॅकअप परत लिहावा लागला. बॅकअप होता म्हणून मशीन वाचलं. तेव्हापासून माझा नियम: आकडा स्वतः काढलेला हवा, आणि एका वेळी एकच.

पायरी पहिली: फर्मवेअरची फाइल मिळवा

कंपनीच्या सपोर्ट पानावरून तुमच्या आवृत्तीचीच बायॉस फाइल उतरवा. ती बहुधा चालवायची फाइल असते. ती चालवू नका, सेव्हन-झिपने उघडून पाहा. आत साधारण ८, १६ किंवा ३२ मेगाबाइटच्या आसपासची एखादी फाइल सापडते, तीच प्रतिमा. काही वेळा तिच्यावर कॅप्सूलचं वेष्टन असतं, पण यूईएफआयटूल या फर्मवेअरची रचना उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ते सोलता येतं. (यूईएफआय म्हणजे आजच्या बायॉसचं खरं नाव.)

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आपल्याच चिपमधून प्रत काढणं. लिनक्सवर फ्लॅशरॉम काही मशिनवर ते करतं, पण अनेक लॅपटॉपवर वाचायलाही मज्जाव असतो आणि मग बाहेरून प्रोग्रामर लावावा लागतो. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पायरी दुसरी: सेटिंगचा पत्ता शोधा

यूईएफआयटूलची 'न्यू इंजिन' आवृत्ती घ्या. ती फक्त वाचते, बदलू शकत नाही, आणि आपल्याला तेच हवं. फाइल उघडा, शोधाच्या चौकटीत 'टेक्स्ट' निवडा, 'युनिकोड'ची खूण तशीच ठेवा आणि 'ओव्हरक्लॉकिंग लॉक' हे शब्द इंग्रजीत टाका. खाली निकालांची यादी येईल. त्यावर दोनदा क्लिक केलं की झाडासारख्या रचनेतलं एक घर उजळतं. एएमआय आणि इनसाइड या फर्मवेअर बनवणाऱ्या कंपन्या. एएमआयच्या फर्मवेअरमध्ये ते बहुतेक 'सेटअप' नावाच्या मॉड्यूलमध्ये असतं, इनसाइडच्या फर्मवेअरमध्ये 'सेटअप युटिलिटी'मध्ये. त्या मॉड्यूलमधल्या 'पीई३२ इमेज' विभागावर उजवं क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट बॉडी' निवडा आणि फाइल जपून ठेवा.

आता आयएफआरएक्स्ट्रॅक्टर, म्हणजे आयएफआर वाचून साध्या मजकुरात उतरवणारं टूल. कमांड प्रॉम्प्टमधून त्याला ही फाइल द्या. बाजूला एक किंवा अनेक मजकूर फाइल्स तयार होतील, त्यातली इंग्रजी भाषेची घ्या. हजारो ओळी असतात, घाबरू नका. पुन्हा 'ओव्हरक्लॉकिंग लॉक' शोधा.

सापडलेली नोंद सावकाश वाचा. 'प्रॉम्प्ट' म्हणजे सेटिंगचं नाव. 'हेल्प' म्हणजे कंपनीने लिहिलेलं स्पष्टीकरण. हे जरूर वाचा, कारण एकाच नावाची दोन सेटिंग्ज असतात तेव्हा फरक इथेच कळतो. 'व्हॅरस्टोअर-आयडी' म्हणजे कोणता कप्पा. 'व्हॅरऑफसेट' म्हणजे त्या कप्प्यातली जागा. 'साइझ' बिटमध्ये असते, ८ म्हणजे एक बाइट. खाली पर्यायांच्या ओळी: 'डिसेबल्ड'ची किंमत ०, 'एनेबल्ड'ची १, आणि त्यातल्या एकापुढे 'डिफॉल्ट' लिहिलेलं.

समजा व्हॅरस्टोअर-आयडी २ आहे. फाइलच्या वरच्या भागात जा आणि आयडी २ ची 'व्हॅरस्टोअर' ओळ शोधा. तिथे कप्प्याचं नाव मिळेल, म्हणजे 'सीपीयू-सेटअप' वगैरे, त्याच्या शेजारी लांबलचक जीयूआयडी (ओळख-क्रमांक) आणि कप्प्याचा एकूण आकार. तिन्ही लिहून घ्या. एकाच नावाचे दोन कप्पे असू शकतात, तेव्हा जीयूआयडी आणि आकार हीच ओळख.

इथे बऱ्याच जणांची एक गल्लत होते. 'सीएफजी लॉक' आणि 'ओव्हरक्लॉकिंग लॉक' ही दोन वेगळी कुलपं आहेत. सीएफजी लॉक हेक्समधल्या ई-२ क्रमांकाच्या एमएसआरचा १५ क्रमांकाचा बिट लावतो आणि त्याचा संबंध प्रोसेसरच्या पॉवर मॅनेजमेंटशी आहे. अंडरव्होल्टसाठी सीएफजी लॉक उघडून काही मिळत नाही.

पायरी तिसरी: पेनड्राइव्ह

छोटा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यात 'ईएफआय' फोल्डर, त्याच्या आत 'बूट' फोल्डर, आणि त्यात आरयू या कप्प्यांतले बाइट वाचणाऱ्या-बदलणाऱ्या टूलची ईएफआय फाइल 'बूटएक्स६४' असं नाव देऊन ठेवा, शेवटचं '.ईएफआय' तसंच. अर्थात ही सगळी नावं रोमन अक्षरांत.

बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट 'डिसेबल' करा. तिथेच 'क्लिअर कीज' किंवा तत्सम पर्याय असतो, त्याला हात लावायचा नाही. नंतर सिक्युअर बूट परत चालू करताना त्या किल्ल्या लागतात. सेव्ह करा आणि बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडा.

पायरी चौथी: लिहिण्याआधी वाचा

आरयूचा पडदा जुन्या डॉसच्या काळातला वाटतो. ऑल्टसोबत बरोबरचं चिन्ह दाबलं की सगळ्या यूईएफआय कप्प्यांची यादी येते. बाणांनी खाली जा, तुमचा कप्पा शोधा, नाव आणि जीयूआयडी लिहून घेतलेल्याशी ताडा, एंटर दाबा. समोर बाइट्सचा तक्ता येतो, प्रत्येक ओळीत १६ घरं.

पत्ता वाचायची रीत साधी आहे. हेक्समध्ये ९ नंतर ए ते एफ हे अंक येतात. समजा ऑफसेट 'डीए' आहे, म्हणजे दशमानात २१८. पहिलं अक्षर ओळ सांगतं, दुसरं स्तंभ. ओळ 'डी०', स्तंभ 'ए'. ऑफसेट तीन अंकी असेल, समजा '१डीए', तर कंट्रोल आणि पेज-डाउनने पुढच्या पानावर जा. एका पानावर २५६ बाइट्स असतात.

इथे थांबा आणि काहीही बदलण्याआधी पत्त्याची खात्री करून घ्या. ही पायरी फार थोडे जण करतात, पण माझ्या मते अख्ख्या कामात हिच्याइतकी मोलाची दुसरी नाही. बायॉसच्या नेहमीच्या मेनूत दिसणारं एखादं निरुपद्रवी सेटिंग घ्या. व्हर्च्युअलायझेशनचं चालू-बंद बहुतेक ठिकाणी दिसतं आणि इंटेलच्या बऱ्याच मशिनवर ते 'सीपीयू-सेटअप'मध्येच असतं. मजकूर फाइलमधून त्याचा ऑफसेट काढा. आरयूमध्ये जाऊन तो बाइट बघा, समजा ०१ आहे. बाहेर या, बायॉसच्या मेनूतून व्हर्च्युअलायझेशन बंद करा, पुन्हा आरयूमध्ये या. त्याच घरात ०० दिसलं, तर तुमची मजकूर फाइल आणि तुमचं मशीन एकाच नकाशावर आहेत. तिथे बदल दिसला नाही, किंवा बदल शेजारच्या घरात दिसला, तर आवृत्ती जुळत नाही. परत पहिल्या पायरीवर जा. पडताळणी झाली की व्हर्च्युअलायझेशन होतं तसं करून ठेवा.

मग हव्या त्या सेटिंगचा बाइट पाहा. त्यात आत्ताची किंमत यादीतल्या पर्यायांपैकीच एक असायला हवी. पर्याय ० आणि १ असताना घरात ३एफ दिसत असेल, तर पत्ता चुकला आहे.

कप्प्याच्या प्रत्येक पानाचा फोनने स्पष्ट फोटो काढा. चमक पडू देऊ नका, प्रत्येक अंक वाचता आला पाहिजे. पुढे कधी एखादा बाइट पूर्ववत करायचा झाला तर हाच तुमचा आधार.

पायरी पाचवी: बदल

बाइटवर जा, एंटर दाबा, नवी किंमत टाका, पुन्हा एंटर. ओव्हरक्लॉकिंग लॉकसाठी ०१ च्या जागी ००. मग कंट्रोल आणि डब्ल्यूने लिहा, ऑल्ट आणि क्यूने बाहेर पडा. त्याच कप्प्यात परत जाऊन बाइट टिकला का ते पाहा.

लिहिताना 'राइट प्रोटेक्टेड' किंवा सुरक्षेचा भंग अशा अर्थाचा संदेश आला, तर तुमच्या फर्मवेअरने कप्पाच कुलूपबंद ठेवला आहे. अलीकडच्या मशिनवर हे वाढत चाललं आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे: इथे थांबा. यापुढची वाट सुधारलेल्या फर्मवेअरची आहे आणि बूट गार्ड असलेल्या मशिनवर ती वीटच, म्हणजे सुरूच न होणारं मशीन, हातात देते. पंख्यांची सफाई, चांगली थर्मल पेस्ट आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमधून टर्बो मर्यादित करणं यांनीही बराच फरक पडतो.

बाइट टिकला असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसता रीस्टार्ट नको. दहा सेकंद थांबून चालू करा. विंडोज आलं की थ्रॉटलस्टॉपमध्ये बघा. 'लॉक्ड' गेलं असेल तर काम झालं. गेलं नसेल तर विंडोजचं 'मेमरी इंटिग्रिटी' चालू आहे का ते तपासा. व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेल्या सुरक्षेखाली अशा टूल्सना रजिस्टरपर्यंत पोहोचू दिलं जात नाही. ती सुरक्षा बंद करायची की अंडरव्होल्ट सोडायचं, हा निर्णय तुमचा. ज्या मशिनवर बँकेची आणि कामाची खाती उघडता तिथे मी सुरक्षा चालू ठेवतो.

व्होल्टेज उतरवताना कोअर आणि कॅशे या दोघांना सारखाच ऑफसेट द्या. उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरू करा, ताण देणारा प्रोग्रॅम अर्धा तास चालवा, मग दहा-दहाने पुढे जा. थ्रॉटलस्टॉपमध्ये 'डू नॉट सेव्ह व्होल्टेजेस' हा पर्याय निवडून ठेवा, म्हणजे मशीन गोठलं तरी पुढच्या सुरुवातीला मूळ व्होल्टेज परत येतं. निळ्या पडद्यावर 'डब्ल्यूएचईए' किंवा 'क्लॉक वॉचडॉग' असे शब्द आले की वीस मिलिव्होल्ट मागे या. एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांची सहनशक्तीही सारखी नसते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

काम संपलं की सिक्युअर बूट परत चालू करा. व्हॅलोरंटसारख्या खेळांची अँटी-चीट यंत्रणा विंडोज ११ वर ते मागते, आणि सुरक्षेसाठीही ते चालू असणंच योग्य.

एएमडीवाल्यांसाठी थोडं वेगळं

रायझन लॅपटॉपवर दडलेले मेनू 'एएमडी सीबीएस' आणि 'एएमडी पीबीएस' या नावांनी असतात. स्मोकलेस यूएमएएफ नावाचं टूल फॅट३२ पेनड्राइव्हवरून सुरू केलं की हे मेनू थेट पडद्यावर येतात, ऑफसेट शोधावा लागत नाही. अंतर्गत ग्राफिक्सला दिलेली मेमरी वाढवायला लोक ते सर्रास वापरतात. सोपं आहे म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. मेमरीचा वेग आणि व्होल्टेज तिथे दोन कळांच्या अंतरावर असतं आणि टूलच्या पडद्यावर चुकीला अटकाव करणारं काही नसतं. आत गेलात तर एकच सेटिंग बदला आणि बाहेर या. नुसती पॉवरची मर्यादा बदलायची असेल तर रायझनअ‍ॅडज विंडोजमधून ते करतं आणि रीस्टार्टनंतर बदल पुसला जातो. ते कधीही जास्त सुरक्षित.

यांना हात लावू नका

मेमरीचं टायमिंग, वेग आणि व्होल्टेज. रॅम सुरू होत नसेल तर पडदाही येत नाही. डेस्कटॉपचे बोर्ड काही अपयशी प्रयत्नांनंतर मूळ सेटिंगवर येतात, लॅपटॉपवर ते गृहीत धरू नका.

अंतर्गत ग्राफिक्स बंद करणं आणि 'प्रायमरी डिस्प्ले' बदलणं. बहुतेक गेमिंग लॅपटॉपचा पडदा अंतर्गत ग्राफिक्समधूनच जोडलेला असतो. ते बंद केलं की मशीन चालू, पडदा आंधळा.

यूएसबीचा आधार बंद करणारी सेटिंग्ज, टीपीएम, आणि मॅनेजमेंट इंजिनशी संबंधित काहीही. 'स्टँडर्ड डिफॉल्ट्स' अशा अर्थाचा कप्पा दिसला तर त्यालाही नाही, कारण फर्मवेअरची मूळ मूल्यं त्यात असतात.

पॉवर लिमिटच्या सेटिंग्ज धोकादायक कमी आणि निरुपयोगी जास्त. लॅपटॉपमध्ये ही मर्यादा बहुधा एम्बेडेड कंट्रोलर ही वेगळी छोटी चिप चालू स्थितीत पुन्हा लिहीत असते, त्यामुळे बायॉसमध्ये आकडा वाढवूनही फरक दिसत नाही.

आणि कप्पेच्या कप्पे पुसणं तर कधीच नाही. २०१६ मध्ये लिनक्सवर सगळ्या फाइल्स पुसण्याची आज्ञा देताना यूईएफआयचे कप्पेही पुसले गेले आणि लॅपटॉप पुन्हा सुरूच झाला नाही, असं प्रकरण गाजलं होतं. त्यानंतर लिनक्सच्या कर्नलमध्ये या कप्प्यांना जास्तीचं संरक्षण आलं. आरयूमध्ये ते संरक्षण नाही.

अडकलातच तर

बायॉसचा मेनू उघडत असेल तर चिंता नाही. 'लोड डिफॉल्ट्स', बहुतेक ठिकाणी एफ९, आणि मग एफ१०. तुमचा बदल पुसला जाईल.

पडदाच येत नसेल तर आधी बाहेरचा मॉनिटर लावून पाहा. मग चार्जर काढा, शक्य असेल तर आतून बॅटरीची जोडणी सोडवा आणि पॉवरचं बटण मिनिटभर दाबून ठेवा. घड्याळाची बॅटरी काढण्याने काही मशिनवर मूळ सेटिंग्ज येतात, काहींवर नाही, कारण सेटिंग्ज आता बॅटरीवर नसून फ्लॅश चिपमध्ये असतात. माझ्या बाबतीत नाही आल्या, ते वर सांगितलंच.

शेवटचा उपाय म्हणजे सीएच३४१ए प्रोग्रामर आणि आठ पायांची क्लिप. चिपवरचा क्रमांक भिंगातून वाचा आणि व्होल्टेज तपासा. काही चिप ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या, आणि १.८ च्या चिपला मधला अ‍ॅडॉप्टर लागतो. सीएच३४१ए च्या काळ्या बोर्डमध्ये एक जुना दोष आहे: निवडलेलं व्होल्टेज ३.३ असलं तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. तो दुरुस्त केलेला बोर्ड घ्या. बॅटरी पूर्ण सोडवल्याशिवाय क्लिप लावू नका. चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइल्सचे हॅश तंतोतंत जुळतात का पाहा. जुळले नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही.

हे वाचन लॅपटॉप धडधाकट असताना करून ठेवलेलं सगळ्यात उत्तम. दुसऱ्याच्या मशिनची प्रत आपल्यात टाकू नये, कारण त्या फाइलमध्ये सिरियल क्रमांक आणि विंडोजची परवाना की असते, काही मशिनवर नेटवर्कचा पत्ताही. त्याच कारणाने आपली प्रत कुणाला देऊ नये.

आणि बायॉसचा नवा अपडेट आला की सेटिंग बहुधा मूळ जागी जातं, ऑफसेटही सरकलेला असू शकतो. अपडेट करण्याआधी थ्रॉटलस्टॉपचं आपोआप सुरू होणं बंद करा, अपडेटनंतर नव्या आवृत्तीची फाइल उतरवून दुसरी पायरी पुन्हा करा, आणि व्हर्च्युअलायझेशनच्या बाइटने नकाशा पडताळून पाहा. मी एका वहीत प्रत्येक वेळची आवृत्ती, कप्पा, जीयूआयडी, ऑफसेट, जुनी किंमत, नवी किंमत आणि तारीख लिहितो. ती वही लॅपटॉपच्या पिशवीतच असते.